मोहिनी भस्मासुर (१९१३): हरवलेली रिळं सापडलीच, तर ओळखायची कशी?

कडा_आधी (धागाकर्ता)

दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. उद्या पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात एखाद्या माळ्यावरून गंजलेले पत्र्याचे डबे खाली आले, तर आत काय आहे ते ओळखायचं कसं आणि ओळख पटेपर्यंत ते जपायचं कसं, एवढ्यासाठीच हा धागा.

आधी पक्की माहिती. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. त्यातली तारामती अण्णा साळुंक्यांनी केली, कारण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला एकही बाई तयार होईना. पाठोपाठ आलेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मोहिनी झाल्या कमलाबाई कामत (लग्नानंतर गोखले) आणि पार्वती झाल्या त्यांच्या आई दुर्गाबाई. दोघी फिरत्या नाटक मंडळीतून आलेल्या. कमलाबाई अगदी लहानपणापासून रंगभूमीवर होत्या, मोहिनी केली तेव्हा वय तेराच्या आसपास. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू. १९९८ साली त्या पुण्यात वारल्या. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच गावात, लॉ कॉलेज रोडला. आणि आपल्या पडद्यावरच्या पहिल्या नायिकेचा तो पहिला चित्रपट मात्र कुठेच नाही. फार लागणारी गोष्ट आहे ही.

चित्रपटाची लांबी सुमारे ३२०० फूट. हजार फुटी डबे धरले तर चार, त्यातला चौथा बराचसा रिकामा.

माझा आग्रह एवढाच की रीळ हातात आलं की चित्राआधी फिल्मची कड बघा. पडद्यावर कोण दिसतंय यावरून अंदाज बांधत बसलं की हमखास चूक होते. जाणकारांनी भर घालावी.

सोळा_फ्रेम

लांबीचा मुद्दा आला ते बरं झालं. कारण बहुतेक लोक मिनिटांत बोलतात आणि तिथेच घोळ होतो.

३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम जायच्या, आणि सेकंदाला दोन फेरे हा सर्वसाधारण वेग. म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम, बरोब्बर एक फूट. या हिशोबाने ३२०० फूट म्हणजे ५३ मिनिटं. तीच फिल्म आजच्या २४ च्या वेगाने पळवली की ३५-३६ मिनिटांत संपते. चित्रपट तोच, एक फ्रेमही कमी नाही, तरी कुणीतरी म्हणणार की अठरा मिनिटं गहाळ आहेत.

'राजा हरिश्चंद्र'चंच घ्या. मूळ लांबी ३७०० फूट, आज शिल्लक १४७५ फूट. १६ च्या वेगाने साडेचोवीस मिनिटं, २४ ने सोळा-सतरा. दोन्ही आकडे लोक एकमेकांच्या तोंडावर फेकतात आणि दोन्ही बरोबर असतात. म्हणून नोंद करताना फूट किंवा मीटरच लिहा. (शिवाय हे १४७५ फूट १९१३ चे नसून १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे आहेत, असं अनेक अभ्यासक मानतात. जे हातात आहे त्याचीही ओळख इतकी नाजूक असते.)

रीळ न उलगडता लांबीचा अंदाज घ्यायचा असेल तर: ३५ मिमीच्या हजार फुटांचं वजन साधारण अडीच किलो, आणि गाभ्यावर गुंडाळलेलं हजार फूट दहा इंची डब्यात बसतं. डब्याचं वजन वजा करायला विसरू नका, जुने पत्र्याचे डबे चांगलेच जड असतात.

पर्फोरेशन

कडेचं मी सांगतो. भिंग लागेल, दहापट पुरे. आणि मिलिमीटरची स्टीलची पट्टी. कापडी टेप किंवा प्लॅस्टिकची शाळेतली पट्टी नको, तिच्या खुणांवर भरवसा ठेवता येत नाही.

पहिली गोष्ट, भोकांचा आकार. भोकाच्या डाव्या-उजव्या बाजू गोलाकार आणि वर-खाली सपाट असेल तर ते जुन्या बेल अँड हॉवेल पद्धतीचं. चारी बाजू सरळ आणि फक्त कोपरे गोलसर असतील तर ते कोडॅक स्टँडर्ड. कोडॅक स्टँडर्ड भोकं प्रदर्शनाच्या प्रतींसाठी १९२४ मध्ये आली. त्यामुळे हातातल्या पॉझिटिव्हला (प्रदर्शनाच्या प्रतीला) अशी भोकं असतील तर ती १९१३ ची मूळ प्रत असूच शकत नाही. नंतर काढलेली प्रत असू शकते, तो वेगळा विषय.

फाळक्यांच्या बाबतीत आणखी एक खूण. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर भोकं पाडायचं यंत्रही आणलं होतं. कच्ची फिल्म बिनभोकांची यायची, आणि ती घरी अंधारात बसून पाडली जायची. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी हे काम केल्याचं आपण सगळ्यांनी वाचलंय. कारखान्यात पाडलेल्या भोकांसारखी एकसारखी ती येणार नाहीत. भोकांची ओळ कडेपासून कमीजास्त अंतरावर सरकत असेल, दोन ओळी किंचित वरखाली असतील, तर तो भाग काळजीपूर्वक मोजून ठेवा.

दुसरी गोष्ट, अक्षरं. कोडॅकने १९१६ पासून कडेवर सालाची खूण छापायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या फिल्मवर १९१६ ला एक वर्तुळ, १९१७ ला एक चौकोन, १९१८ ला एक त्रिकोण, पुढे जोड्या. हे चक्र दर वीस वर्षांनी पुन्हा येतं, म्हणून एक वर्तुळ म्हणजे १९१६, १९३६ किंवा १९५६. इंग्लंडमधल्या हॅरोच्या कारखान्याच्या खुणा वेगळ्या होत्या, आणि आपल्याकडे तिथलाही माल यायचा. दोन्ही तक्ते समोर ठेवल्याशिवाय साल सांगू नका.

तिसरी, आक्रसणं. भोकापासून भोकापर्यंतचं अंतर ४.७५ मिमी. शंभर भोकांचं अंतर ४७५ मिमी भरायला हवं. ४७० भरलं तर फिल्म एक टक्क्याहून जरा जास्त आक्रसली आहे आणि ती कुठल्याही प्रोजेक्टरमध्ये किंवा दात असलेल्या मशीनमध्ये घालायची नाही. दात भोकात बसत नाहीत, भोकाची कड फाटते आणि फाटत फाटत चित्रापर्यंत जाते. सुरुवातीला, मधे आणि शेवटी अशा तीन ठिकाणी मोजा, कारण बाहेरचे वेटोळे आतल्यांपेक्षा वेगळे आक्रसतात.

आवाजाची पट्टी आहे का हे तर पहिल्या नजरेत कळतं. मूकपटाचं चित्र भोकांच्या दोन ओळींमधली जवळजवळ सगळी जागा व्यापतं. बोलपटात एका बाजूला अडीच मिमीची पट्टी आवाजासाठी सोडलेली असते.

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह

@पर्फोरेशन, सगळं मान्य, पण धागाकर्त्यांच्या "कड आधी" या आग्रहाला एक पुरवणी हवी. कड सांगते ती हातातल्या फिल्मचं वय, चित्रपटाचं नव्हे. १९१३ च्या निगेटिव्हवरून १९३६ साली प्रत काढली असेल तर कड १९३६ दाखवेल, आणि घाईत कुणीतरी डबा बाजूला टाकेल. मोहिनीची एखादी प्रत खरोखर शिल्लक असेल तर ती अशी नंतरची असण्याचीच शक्यता मला जास्त वाटते.

म्हणून कडेवर दोन पिढ्यांच्या खुणा शोधा. प्रतीच्या स्वतःच्या फिल्मवरची अक्षरं पारदर्शक कडेवर काळी दिसतात. निगेटिव्हवरची अक्षरं प्रतीत उतरली असतील तर ती उलटी, काळ्या कडेवर पांढरी. दोन्ही दिसली तर पांढरी जुनी. तसंच आधीच्या पिढीच्या भोकांची सावली कडेला उमटलेली असते. नव्या भोकाच्या शेजारी जुन्या गोलसर भोकाची पुसट आकृती दिसली, तर ती सोन्यासारखी खूण समजा आणि फोटो काढा.

आणि हातात निगेटिव्हच आली तर गोष्टीचा क्रम लागत नाही म्हणून गोंधळू नका. त्या काळी निगेटिव्ह बऱ्याचदा कथेच्या क्रमाने जोडलेली नसे. कुठला भाग कुठल्या रंगात बुडवायचा त्याप्रमाणे तुकडे एकत्र गुंडाळलेले असत. मजकुराच्या पाट्याही निगेटिव्हमध्ये दोन-चार फ्रेमपुरत्याच असतात. प्रत काढताना त्या लांबवायच्या.

माळा_सदाशिव

मूळ प्रश्न राहिला. डबा उघडायचा की नाही? जुन्या वाड्यांचं पाडकाम चालू आहे, कुणाच्या हाती काय लागेल सांगता येत नाही. साध्या माणसाने काय करायचं?

नायट्रेट

सविस्तर लिहितो, कारण इथे चूक झाली तर चित्रपट जाईलच, जीवही जाऊ शकतो.

१९५१ च्या आधीची कुठलीही ३५ मिमी फिल्म नायट्रेट (झटकन पेट घेणारी जुनी फिल्म) आहे असं धरूनच चालायचं. कडेवर 'सेफ्टी' (सहज न पेटणारी फिल्म) छापलेलं दिसलं तर थोडा सुस्कारा सोडा. थोडाच, कारण तेही अक्षर जुन्या निगेटिव्हवरून उतरलेलं असू शकतं, वर सांगितलंच आहे. १६ मिमी फिल्म मात्र सुरुवातीपासून, म्हणजे १९२३ पासून, सेफ्टीवरच आली.

नायट्रेटला जळायला बाहेरचा प्राणवायू लागत नाही, तो तिच्यातूनच सुटतो. त्यामुळे पेटलेलं रीळ पाण्यात बुडवलं, वर वाळू टाकली, तरी आत जळत राहतं. धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. त्यांचा फुप्फुसांवरचा परिणाम काही तासांनी दिसतो, म्हणून "मला काही झालं नाही" म्हणत थांबायचं नाही. पेटलं तर बाहेर पळायचं, दार ओढून घ्यायचं, १०१ ला फोन करायचा.

कुजायला लागलेलं नायट्रेट बराच काळ ४१ अंशांच्या आसपास तापत राहिलं तर आपोआप पेटू शकतं. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या माळ्यावर एवढं तापमान रोज होतं. म्हणून उन्हाळ्यात डबे सापडले तर पहिलं काम त्यांना माळ्यावरून खाली, सावलीत, हवेशीर जागी आणणं. तेही सकाळी लवकर, दुपारी नव्हे. आपटायचं नाही, घासत ओढायचं नाही.

उघडायचा तर अंगणात किंवा गच्चीच्या सावलीत. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, आम्ल वायूंसाठीच्या फिल्टरचा मास्क. साधा कापडी मास्क वायू अडवत नाही. जवळपास देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस, सिगारेट काही नको. उजेडाला एलईडी बॅटरी, तापणारा पिवळा बल्ब नको. झाकण गंजून घट्ट बसलं असेल तर हातोडा-छिन्नी लावायची नाही. कडेला चहूबाजूंनी हळूहळू दाब देत फिरवायचं. नाही निघालं तर तसंच राहू द्या.

उघडल्यावर पाच अवस्थांपैकी कुठली आहे ते बघा. पहिलीत चित्र फिकं पडून पिवळट-तपकिरी झाक येते. दुसरीत इमल्शन (फिल्मवरचा चित्राचा थर) चिकट होतं, वेटोळे एकमेकांना धरतात. तिसरीत फेसासारखे फुगे येतात आणि नाकाला झोंबणारा वास मारतो. चौथीत सगळं रीळ एक घट्ट गोळा होतं. पाचवीत तपकिरी भुकटी. पहिल्या दोन अवस्थांतून पूर्ण प्रत निघू शकते, तिसरीतून काही भाग. चौथी-पाचवीत चित्र उरत नाही, आणि तीच सर्वांत धोकादायक. तिला हात न लावता जाणकारांना कळवा.

चिकटलेलं रीळ ओढून सोडवायचं नाही, हे तर लिहून भिंतीवर लावा. एका वेटोळ्याचं चित्र दुसऱ्याच्या पाठीवर निघून जातं आणि ते परत येत नाही.

डबे हवाबंद करू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर चिकटपट्टी मारली की सुटणारे वायू आतच कोंडतात आणि कुजणं आणखी वेगाने होतं. घरच्या फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर दव धरतं, शिवाय त्यात अन्न असतं. डांबराच्या गोळ्यांचा काडीचा उपयोग नाही. व्हिनेगरसारख्या आंबट वासाची रिळं (ती अ‍ॅसिटेट, म्हणजे सेफ्टी फिल्म) नायट्रेटजवळ ठेवू नका, नायट्रेटचे वायू त्यांनाही खातात. एका डब्यात एकच रीळ, आणि डबे एकावर एक न रचता सुटे.

कुरिअरने, एसटीने, रेल्वेने पाठवायचं नाही. नायट्रेट फिल्मच्या साठवणुकीला आणि वाहतुकीला १९४८ चे सिनेमॅटोग्राफ फिल्म नियम आहेत. डब्यांचे आणि कडांचे फोटो घेऊन आधी संग्रहालयाशी बोला. ते सांगतील तसं करा.

माळा_सदाशिव

नायट्रेट, मनापासून आभार. एक शंका. छोटा तुकडा कापून जाळून बघितला तर नायट्रेट आहे की नाही लगेच कळतं, असं ऐकलंय. आणि कुठल्यातरी द्रावणात बुडवून बघतात?

नायट्रेट

दोन्ही नको. जाळून बघण्याची चाचणी जुन्या पुस्तकांत आहे, पण तुकडा कापायला हात जातो तो नेमका रिळाच्या तोंडाशी, आणि मूकपटात तिथेच नाव, निर्मात्याचं चिन्ह, भाषा असते. शिवाय नायट्रेट किती झटकन पेटतं याचा अंदाज लोकांना नसतो. द्रावणाच्या चाचणीत ट्रायक्लोरोइथिलीन वापरतात, ते घरात हाताळायची वस्तू नाही. कड, भोकं, साल आणि वास यावरून घरी जेवढं कळतं तेवढं पुरे आहे.

रंगपट

मला मोहिनीच्या बाजूने बोलायचंय. रासायनिक गोष्टी महत्त्वाच्याच, पण शेवटी ओळख पटवायची ती चित्रावरून. फाळक्यांचा कॅमेरा एका जागी उभा, माणसं डोक्यापासून पायापर्यंत, समोरून. आपल्या रंगमंचासारखीच चौकट. सगळं दिवसाच्या उजेडात. कथेतली तीन दृश्यं टाळताच येणार नाहीत: भस्मासुराला वर मिळतो, तो शंकराच्या मागे लागतो, आणि मोहिनी नाचत नाचत त्याला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावते. पौराणिक मूकपटांत धाव, पाठलाग, वरदान खंडीभर सापडतील. नाचणाऱ्या बाईची नक्कल करणारा राक्षस आणि मस्तकावरचा हात, ही जोडी मात्र याच कथेची. तेवढे पंधरा-वीस फूट जरी मिळाले तरी खूप आहे.

आणि नाचणारी बाई खरी बाई आहे. फाळक्यांच्या इतर सुरुवातीच्या चित्रपटांत स्त्रीभूमिका पुरुष करत होते. 'लंकादहन'मध्ये तर साळुंकेच राम आणि साळुंकेच सीता. मनगटं, खांदे, चालण्यातला तोल बघितला तर फरक कळतो.

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह

@रंगपट, दृश्यांबद्दल शंभर टक्के सहमत. शेवटच्या मुद्द्यावर मात्र जपून. स्त्रीपार्टी नटांनी चाल, खांदे, पदर यांवर वर्षानुवर्षं मेहनत घेतलेली असायची. बालगंधर्वांच्या नेसण्याचं अनुकरण घरंदाज बायका करत होत्या, असा तो काळ. आक्रसलेल्या, फिकट झालेल्या प्रतीत मनगटांवरून बाई की पुरुष हे ठरवणं फार धाडसाचं. कमलाबाईंचे जे फोटो सहज मिळतात ते पुढच्या वयातले. त्यांच्याशी तेरा वर्षांच्या मुलीचा रंग लावलेला चेहरा जुळवायला गेलं की हवं ते साम्य दिसायला लागतं. पुढे बायका पडद्यावर येऊ लागल्या. त्यामुळे 'बाई आहे म्हणून मोहिनी' हेही टिकत नाही. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी, म्हणजे मुलगी दिसली तरी भूमिका मुलाची असू शकते.

रंगपट

हे पटलं. मग असा क्रम धरू: आधी कड, मग दृश्य, मग पाट्यांची भाषा, आणि चेहरा सगळ्यात शेवटी, तोही फक्त दुजोरा म्हणून. पाट्या 'हरिश्चंद्र'प्रमाणे हिंदी आणि इंग्रजी अशा दुहेरी असतील, तर त्याचीही स्वतंत्र नोंद करावी. नुसती इंग्रजी पाटी असेल तर ती प्रत परदेशी पाठवण्यासाठी काढली असेल का, हे तपासण्यासारखं.

गॅझेट

परदेशाचा विषय निघालाच आहे तर कागदपत्रांचं सांगतो, कारण नव्याने काही सापडायचं असेल तर ते कागदातूनच सापडेल असं मला वाटतं.

१९१४ मध्ये फाळके पुन्हा लंडनला गेले तेव्हा 'राजा हरिश्चंद्र', 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' बरोबर घेऊन गेले आणि तिथे ते दाखवले गेले. म्हणजे मोहिनीची निदान एक प्रत समुद्रापार गेली होती. १९१४ च्या उन्हाळ्यातली 'बायोस्कोप' साप्ताहिकं आणि तिथली चित्रपटव्यवसायाची इतर नियतकालिकं पानोपान बघायला हवीत. नावाचं स्पेलिंग एकच धरून शोधू नका. मोहिनीचं आणि भस्मासुराचं इंग्रजीत चार-पाच तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं, आणि जुन्या छापील पानांवरून यंत्राने वाचलेल्या मजकुरात त्याचे आणखी धिंडवडे निघालेले असतात. 'फाळके', 'हिंदू', 'नाशिक' हे शब्दही घाला.

इथल्या वर्तमानपत्रांत १९१३-१४ च्या जाहिराती बघाव्या. मराठीसाठी 'केसरी', इंग्रजीसाठी मुंबईची दैनिकं. जाहिरातीत चित्रपटाबरोबर काय दाखवलं जात होतं तेही टिपा, कारण छोट्या गमतीच्या फिल्म त्याच डब्यात जोडलेल्या असू शकतात. फाळक्यांनी 'नवयुग' मासिकात १९१७-१८ मध्ये 'भारतीय चित्रपट' या विषयावर स्वतः लेख लिहिले आहेत. १९२७-२८ च्या सिनेमॅटोग्राफ चौकशी समितीसमोरची त्यांची साक्षही छापलेली आहे.

सेन्सॉरबद्दल एक गैरसमज असतो. कायदा १९१८ चा, मंडळं १९२० पासून. १९१३ च्या चित्रपटाला त्या वेळी प्रमाणपत्र लागतच नव्हतं, तेव्हा ते शोधण्यात वेळ घालवू नका. पण १९२० नंतर चित्रपट पुन्हा लावला असेल तर मुंबई सरकारच्या गॅझेटमधल्या याद्यांत नाव आणि फुटांत लांबी येईल. तशी नोंद सापडली तर फार मोठी गोष्ट होईल. तोपर्यंत एक प्रत चालण्याजोगी होती याचा तो पुरावा.

सोळा_फ्रेम

गॅझेट यांच्या लंडनच्या धाग्याला जोडून. १९१९ चा 'बिल्वमंगल' २०१६ मध्ये पुण्याला परत आला तो पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट संग्रहालयातून, ५९४ मीटर. मूळ लांबीच्या मानाने थोडाच, तरी अर्ध्या तासाच्या आसपास. कॅनडातल्या डॉसन सिटीत १९७८ मध्ये ५३३ रिळं जमिनीतून निघाली. ते गाव वितरणाच्या साखळीचं शेवटचं टोक होतं. तिथून प्रत परत पाठवण्याचा खर्च कुणाला परवडत नव्हता, म्हणून ती तिथेच राहिली. आपल्या चित्रपटांच्या वाटा कुठे संपत होत्या, त्या टोकांना शोधायला हवं. मुंबई-पुण्यात प्रती फाटेपर्यंत चालल्या आणि मग चांदी काढायला विकल्या गेल्या. इमल्शनमध्ये चांदी असते आणि भंगारात तिला भाव असतो, एवढ्या साध्या कारणाने आपला मूकपट संपला. तेराशेच्या वर मूकपट निघाले, शिल्लक तीसेक, त्यातले बरेच तुकड्यांत.

आणि अगदी जवळचं टोक विसरू नये. पुण्याच्या संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी 'कालिया मर्दन'चे तुकडे नाशकात फाळक्यांच्या घरच्यांकडून मिळवून जुळवले होते.

आर्यन_टॉकीज

थोडं अवांतर, पण याच दुखण्याचं. रंगभूमीवरून आलेल्या फात्मा बेगम यांनी १९२६ मध्ये दिग्दर्शित केलेला 'बुलबुल-ए-परिस्तान' हरवला. पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात १९२० साली गाजलेली बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' हरवली. तिकडे न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून आलेल्या थेडा बाराचा १९१७ चा 'क्लिओपात्रा' गेला, थोडे तुकडे उरले. ९ जुलै १९३७ ला न्यू जर्सीतल्या लिटल फेरीच्या कोठारात फॉक्स कंपनीचा साठा पेटला. ऐन उष्म्यातले दिवस, हवा खेळायला जागा नाही, आणि कुजणाऱ्या नायट्रेटचे वायू कोंडलेले. वर नायट्रेट यांनी लिहिलंय तेच कारण. आपल्याकडे ८ जानेवारी २००३ ला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट कोठाराला आग लागली. ज्या चित्रपटांची सेफ्टीवर आधी प्रत काढून ठेवली होती ते त्या प्रतींमुळे उरले.

नवा_वाचक

इंटरनेटवर 'मोहिनी भस्मासुर, पूर्ण चित्रपट' अशा नावाचं काही दिसलं तर?

पर्फोरेशन

नावावर जाऊ नका. पाच मिनिटांत तपासता येतं. साप, यमुना आणि लहान मूल दिसलं तर 'कालिया मर्दन'. राजा, राणी, मुलगा आणि विश्वामित्र दिसले तर 'हरिश्चंद्र'. चित्राची एक बाजू कापल्यासारखी, डोकी किंवा हात कडेला छाटलेले असतील तर मूकपटावर आवाजाची पट्टी बसवून काढलेली प्रत आहे. हालचालीत ठराविक अंतराने झटका जाणवत असेल तर १६ चे २४ करण्यासाठी दर दुसरी फ्रेम दुबार छापली आहे. हल्ली कॉम्प्युटरने चेहरे गुळगुळीत आणि रंगीत केलेले तुकडे फिरतात. त्यांवरून काहीच ओळखता येत नाही, कारण कपड्याची वीण, चेहऱ्याचा रंग, पडद्यावरची नक्षी हे सगळं यंत्राने नव्याने भरलेलं असतं.

निगेटिव्ह_पॉझिटिव्ह

स्कॅनिंगबद्दल, कारण एकदाच संधी मिळेल. स्कॅनर दातांविना फिल्म सरकवणारा हवा, आक्रसलेली फिल्म त्यातच सुरक्षित जाते. चौकट चित्रापुरती कापू नका. भोकं आणि दोन्ही कडा चित्रासकट टिपा, या धाग्यातला निम्मा पुरावा तिथेच आहे. ओरखडे असतील तर फिल्म द्रावणातून जाताना स्कॅन करतात, पाठीवरचे बारीक ओरखडे भरून दिसेनासे होतात. फ्रेम जशा आहेत तशा, एकास एक. वेग नंतर प्रदर्शनाच्या वेळी ठरवायचा. आणि रंगीत स्कॅन करा, काळी-पांढरी दिसत असली तरी. त्या काळी रात्रीला निळा, आगीला लाल, दिवसाला पिवळसर अशा रंगात फिल्म बुडवत. फिकट झालेला रंग डोळ्याला दिसत नाही, स्कॅनमध्ये सापडतो. भस्मासुर जळतो तो भाग कुणाला मिळालाच तर तिथे हे आवर्जून बघा.

हक्कांची भीती कुणी घालू नये. आपल्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांचा, १९१३ चा केव्हाच संपला. डबा ज्याचा त्याचा, चित्र सगळ्यांचं.

माळा_सदाशिव

शेवटचं एक विचारतो. जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, फिल्मचे सुटे तुकडे विकायला दिसले तर? आणि डब्यावर चिठ्ठी काय लावायची?

कडा_आधी (धागाकर्ता)

विकणाऱ्याला तुकडे आणखी कापू देऊ नका, ही पहिली विनंती. फूटभर तुकड्यातही सोळा फ्रेम असतात आणि एका कडेला चौसष्ट भोकं, कड वाचायला तेवढं चालतं. ३५ मिमी असेल आणि कडेवर 'सेफ्टी' दिसत नसेल तर खिशात किंवा दुचाकीच्या डिकीत घालून उन्हात फिरू नका. फोटो घ्या, विकणाऱ्याचा ठिकाणा विचारून ठेवा, संग्रहालयाला कळवा. रिळाची पहिली आणि शेवटची फुटं सर्वांत आधी खराब होतात, म्हणून नाव नसलेला तुकडा बिनमहत्त्वाचा समजू नका. मूकपटांची नावं बहुतेक वेळा अशीच गेलेली असतात.

चिठ्ठी डब्याच्या बाहेर, दोऱ्याने बांधून. आत कागद नको आणि चिकटपट्टीही नको. पेन्सिलीने लिहा, शाई ओल धरली की पसरते. डबा कुठे, कोणत्या खोलीत, कितव्या क्रमाने मिळाला. बरोबर आणखी किती डबे होते. झाकणावर जुनं काही लिहिलेलं असेल तर ते जसंच्या तसं, चुकीच्या शुद्धलेखनासकट. वजन. शंभर भोकांचं तीन ठिकाणचं माप. कडेवरची अक्षरं आणि आकृत्या, काळ्या की पांढऱ्या. वास. उघडल्याची तारीख. 'मोहिनी भस्मासुर असावा' असं काही मात्र चिठ्ठीवर लिहू नका. एकदा ते नाव डब्यावर चढलं की पुढचा प्रत्येक माणूस ते खरं धरूनच आत बघेल. तिथे लिहा 'अनोळखी, मूक, ३५ मिमी' आणि खाली जागा कोरी ठेवा.